वाणाची शिफारस झाली, बियाणे गेले. पुढे ‘परिणाम’ नोंदवायचा कसा?

विस्तारकक्ष

राज्यातल्या एका कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालनालयात नवा कक्ष सुरू होतोय. गेल्या दहा वर्षांत जॉइंट ॲग्रेस्कोत (राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या बैठकीत) मंजूर झालेले वाण, अवजारे आणि शिफारशी यांचा बाहेर काय परिणाम झाला ते शोधायचे, आणि यापुढे त्याची नोंद नियमित ठेवायची, असे काम आहे. माणसे तीन, त्यांतला एक अर्धवेळ.

हाताशी आहे ते असे: वार्षिक अहवाल (‘सदर वाण शेतकऱ्यांमध्ये लोकप्रिय होत आहे’ छापाची वाक्ये), स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतून काढलेली उद्धरणांची यादी, पैदासकार बियाण्याच्या (विद्यापीठाने स्वतः बनवलेल्या मूळ बियाण्याच्या) वाटपाच्या वह्या, आणि केव्हीकेंकडून (कृषी विज्ञान केंद्रांकडून) आलेले आद्यरेषीय प्रात्यक्षिकांचे, म्हणजे शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली शेतकऱ्याच्या शेतावर घेतलेल्या प्रात्यक्षिकांचे, तक्ते.

तीन प्रश्न आहेत. नेमके काय नोंदवायचे आणि कुठल्या साच्यात? सोयाबीनच्या एखाद्या वाणाखाली किती क्षेत्र आहे हे छातीठोकपणे सांगता येते का? आणि त्यासाठी तयार सॉफ्टवेअर विकत घ्यावे का?

लीड्सकर

सॉफ्टवेअरचे शेवटी बघा. आधी परिणाम कशाला म्हणायचे ते एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा, नाहीतर सहा महिन्यांत तुमच्या फोल्डरमध्ये मेळाव्यांचे फोटो आणि हारतुरे एवढेच उरेल.

ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाची जी तपासणी होते, रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क उर्फ रेफ, तिच्यात परिणामाला २०१४ साली २० टक्के वजन होते, २०२१ साली २५ टक्के. त्यांची व्याख्या थोडक्यात अशी: विद्यापीठीय जगाच्या बाहेर अर्थव्यवस्था, समाज, संस्कृती, धोरण, आरोग्य, पर्यावरण किंवा जगण्याची प्रत यांत झालेला बदल किंवा फायदा. सगळी मेख ‘बाहेर’ या शब्दात आहे. उद्धरणे आतली, म्हणून ती यात येत नाहीत. शिवारफेरी, भाषण, आकाशवाणीवरची मुलाखत हा प्रसार झाला. तो ऐकून कुणी पेरणीचे अंतर बदलले, कुणी फवारणी कमी केली, तर तो परिणाम.

२०२१ साली प्रत्येक प्रकरण पाच पानांत बसवायचे होते. सारांश, पायाभूत संशोधन, त्याचे संदर्भ, परिणामाचा तपशील आणि दुजोरा देणारे पुरावे असे पाच भाग. पुरावे जास्तीत जास्त दहा. ही दहाची मर्यादा तुम्हीही घाला. शंभर कात्रणे गोळा करणे सोपे असते. त्यातली दहा निवडायला बसले की कळते, उपयोगाची तीनच आहेत.

सर्वांत जास्त घोळ दुजोऱ्याच्या पत्रांत होतो. ‘आपल्या विद्यापीठाचे वाण उत्तम असून शेतकरी समाधानी आहेत’ हे पत्र केराच्या टोपलीत. उपयोगी पत्रात चार गोष्टी लागतात: लिहिणारा कोण आणि त्याला हे माहीत कसे, कुठल्या हंगामापासून काय बदलले, किती (गावे, एकर, क्विंटल, रुपये), आणि हे वाण नसते तर त्याने काय पेरले असते. चौथे वाक्य कुणीच आपणहून लिहीत नाही, ते मागून घ्यावे लागते. पण मजकूर तुम्ही लिहून देऊन नुसती सही घेऊ नका. सहा पत्रांत तोच शब्दप्रयोग आला की वाचणाऱ्याला लगेच वास येतो. प्रश्न पाठवा, उत्तर त्यांच्या भाषेत येऊ द्या.

आणखी एक, तुमची ‘गेल्या दहा वर्षांतल्या शिफारशी’ ही चौकट चुकीच्या टोकाला लावली आहे. रेफ २०२१ साठी परिणाम २०१३ च्या ऑगस्टनंतरचा हवा होता, संशोधन मात्र २००० सालापर्यंत मागे गेले तरी चालत होते. वाण शिफारशीनंतर शेतात दिसायलाच पाच-सहा वर्षे जातात. काळाची मर्यादा परिणामाला घाला, शिफारशीला नको. नाहीतर ज्या वाणाने सध्या खरोखर शिवार व्यापले आहे तेच यादीतून गळेल आणि कालचे, कुणी न पेरलेले वाण आत राहील.

पायाभूत_बियाणे

दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर: छातीठोकपणे नाही, पण खालची आणि वरची मर्यादा बांधता येते.

तुमच्या वहीतल्या पैदासकार बियाण्यापासून सुरुवात करा. समजा १० क्विंटल गेले. हेक्टरी ७५ किलोने १३.३ हेक्टर. हेक्टरी १५ क्विंटल वापरण्याजोगे बियाणे धरले तर २०० क्विंटल पायाभूत, म्हणजे पुढच्या पिढीचे बियाणे. त्याचे २६७ हेक्टर, म्हणजे पुढच्या हंगामात ४,००० क्विंटल प्रमाणित (शेतकऱ्याला विकायचे), आणि त्यातून शेतकऱ्याकडे सुमारे ५,३०० हेक्टर. कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला गळती असते:

मागणी वेगळी, उचल वेगळी. इंडेंट (मागणीपत्र) ५० क्विंटलचे आणि नेले ३० हे नेहमीचेच. वहीत दोन्ही रकाने असतील तर उचलच धरा.

सगळे बियाणे पास होत नाही. सोयाबीनला उगवणीची किमान मर्यादा ७० टक्के आहे. काढणीच्या वेळी पाऊस लागला किंवा मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले की टरफलाला इजा होते, आणि चांगले दिसणारे लॉटही नापास होतात. म्हणून मोजणीसाठी आकडा घ्यायचा तो बीज प्रमाणीकरण यंत्रणेने निळ्या टॅगसह मुक्त केलेल्या बियाण्याचा, नोंदणी झालेल्या क्षेत्राचा नव्हे.

सत्यप्रत बियाणे (प्रमाणीकरण न करता विक्रेत्याच्याच हमीवर विकलेले) त्या आकड्यात येतच नाही. खासगी कंपन्या तुमचेच वाण हिरव्या लेबलवर विकतात. त्यांच्याशी सामंजस्य करार असेल तर त्यातच दरवर्षी विक्रीचा जिल्हावार आकडा देण्याचे कलम घाला. नंतर मागून कुणी देत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घरचे बियाणे. सोयाबीन स्वपरागीत, त्यामुळे एकदा घेतलेले वाण दोन-तीन वर्षे घरचेच पेरले जाते, शेजाऱ्याला दिले जाते. विक्रीच्या आकड्यात हे काहीच दिसत नाही. म्हणून विक्रीतून निघते ती खालची मर्यादा. शिवाय टोकण करणाऱ्याला किंवा बीबीएफवर (रुंद वरंबा-सरीवर) पेरणाऱ्याला बियाणे कमी लागते, म्हणजे त्याच पोत्यात जास्त क्षेत्र बसते. एकरी ३० किलोचा भागाकार सरसकट करू नका.

सातबाऱ्यावरून काही मिळेल ही आशा सोडा. पीकपाहणीत ‘सोयाबीन’ लागते, वाण लागत नाही. उसाचे मात्र उलटे आहे. साखर कारखान्याच्या लागण नोंदीत गट, क्षेत्र, लागणीची तारीख आणि जात चारही असतात. को ८६०३२ किती आणि फुले २६५ किती हे कारखान्याच्या शेती विभागाकडून गटवार मिळू शकते. तुमच्याकडे उसाचे काही काम असेल तर पहिले प्रकरण त्याचेच करा. आकडा पक्का मिळेल आणि कक्षाची पतही बसेल.

प्रात्यक्षिकांच्या तक्त्यांबद्दल सावध राहा. प्रात्यक्षिक साधारण ०.४ हेक्टरचे, निविष्ठा फुकट, शास्त्रज्ञ बांधावर. तिथली वाढ धरून जिल्ह्याच्या क्षेत्राला गुणले की फुगलेला आकडा येतो, आणि असे गुणाकार मी अहवालांत डझनाने पाहिलेत.

विस्तारकक्ष

दोघांचेही आभार. दोन शंका. नोंदवहीचा साचा कुणी प्रत्यक्ष लिहून दाखवेल का? आणि उत्पादनवाढ मग कुठून घ्यायची? पीक कापणी प्रयोगांचे आकडे चालतील?

लीड्सकर

साचा म्हणून साधी एक्सेल पुरे. एक ओळ म्हणजे एक घटना. रकाने: तारीख, काय घडले, कुठे, कुणाकडून कळले, कुठल्या शिफारशीशी किंवा शोधनिबंधाशी जोडलेले, आकडा आणि त्याचे एकक, पुराव्याच्या फाइलचे नाव, दुजोरा कोण देईल, पुढे काय करायचे आणि कधी.

नमुन्याची ओळ (काल्पनिक):

१२ जुलै | तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांसाठी बियाण्याची यादी बदलली, जुन्या वाणाऐवजी आपले घेतले | केव्हीकेच्या विषय विशेषज्ञांचा फोन | शिफारस क्रमांक अमुक | २४० सभासद, ४१० एकर (कंपनीच्या खरेदी नोंदीवरून) | पुरावा: संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत, खरेदीचे बिल | दुजोरा: कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी | ऑक्टोबरअखेर उतारा विचारणे

शेवटचा रकाना भरला नाही तर बाकीचे सगळे वाया. ऑक्टोबरात फोन केला तर उतारा आठवतो, पुढच्या उन्हाळ्यात केला तर ‘बरं आलं होतं’ एवढेच मिळते. आणि आकड्याच्या शेजारी तो कुणी, कशावरून सांगितला हे नेहमी लिहा. ‘४१० एकर’ आणि ‘खरेदी बिलांवरून ४१० एकर’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेतकऱ्यांचे मोबाइल आणि गट क्रमांक या वहीत ठेवू नका. वेगळी फाइल, वेगळा पासवर्ड, आणि विचारतानाच संमती. ही वही उद्या दहा जणांना पाठवली जाणार आहे.

कापणी_प्रयोग

शासनाचे पीक कापणी प्रयोग चालतील, पण तुम्हाला वाटते त्या कामासाठी नाही. विम्यासाठी महसूल मंडळात किमान १० प्रयोग असतात, गाडी मंडळाच्या सरासरीवर थांबते. त्यातून ‘या मंडळात सर्वसाधारण उतारा काय’ हे कळते, ‘या वाणाचा उतारा काय’ हे नाही. तुमचे स्वतःचे प्रयोग लागतील, पद्धत तीच ठेवा म्हणजे तुलना होईल.

सोयाबीनला तुकडा १० बाय ५ मीटर, म्हणजे ५० चौरस मीटर. कोपरा शेताच्या लांबी-रुंदीवरून यादृच्छिक आकड्याने ठरवा. ‘इथे बरे दिसते’ म्हणून दोरी टाकली की प्रयोग गेला. आलेले किलो गुणिले दोन म्हणजे हेक्टरी क्विंटल: ११ किलो आले तर हेक्टरी २२. पण ओलावा मोजा. १६ टक्के ओलाव्याला ११ किलो म्हणजे १२ टक्क्यांना १०.५ किलोच, हेक्टरी एक क्विंटल तिथेच उडाला. गावोगावचा वाणांमधला फरक पुष्कळदा एवढाच असतो, त्यामुळे ओलावामापक नसेल तर प्रयोगाला जाऊच नका.

आता महत्त्वाचे. ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना करू नका. आधीच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि नंतरचे वर्ष बरे गेले तर सगळी वाढ वाणाच्या नावावर जमा होते. त्याच वर्षी, त्याच गावात, साधारण तशाच जमिनीत तुमचे वाण पेरलेला आणि न पेरलेला असे जोडीने शेतकरी घ्या. तरीही एक अडचण उरते. नवे वाण आधी घेणारा शेतकरी बहुधा पाण्याची सोय असलेला, खताचा हात सैल असलेला असतो. त्याचे दुसरे कुठलेही वाण जरा बरेच आले असते. म्हणून सिंचन, पेरणीची तारीख आणि खताची मात्रा हे तीन रकाने हवेतच, आणि हिशेब करताना ते बाजूला काढता आले पाहिजेत.

तुलना कशाशी, हेही ठरवा. जेएस ३३५ शी तुलना केली की नवे वाण नेहमीच जिंकते. ते १९९४ साली अधिसूचित झालेले, जबलपूरचे वाण आहे. आज शेतकऱ्यापुढे खरा पर्याय कोणता? त्या तालुक्यात दुसऱ्या क्रमांकावर पेरले जाणारे वाण. फरक लहान निघेल, पण तो टिकेल.

क्षेत्रासाठी सर्वेक्षण करणार असाल तर नमुन्याचा हिशेब सांगतो. ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के इकडेतिकडे एवढी अचूकता हवी तर साध्या यादृच्छिक निवडीला ३८५ शेतकरी पुरतात, असे पुस्तकात असते. पण तुम्ही गावात जाऊन दहा-दहा जणांना विचारणार, आणि एका गावातले शेतकरी एकमेकांचे बघून पेरतात. हे साधर्म्य ०.१ धरले तर नमुना १.९ पट लागतो, म्हणजे सुमारे ७३० शेतकरी, ७३ गावे. तीन माणसांचे हे काम नाही. रावेचे (ग्रामीण कार्यानुभवाला आलेले कृषी पदवीचे) विद्यार्थी वापरा, ते तसेही खरिपात गावात असतात. मात्र रावेची गावे महाविद्यालयाच्या आसपासची असतात आणि तिथे तुमचे वाण जास्तच असणार. गावे चिठ्ठ्या टाकून निवडा, विद्यार्थी तिथे एका दिवसासाठी पाठवा.

पायाभूत_बियाणे

वरच्याला पुरवणी. शेतकऱ्याला ‘कुठले वाण?’ विचारून मिळणारे उत्तर तपासून घ्या. फुले संगम, केडीएस ७२६, नुसते ‘सातशे सव्वीस’ आणि ‘संगम’ हे सगळे एकच. पण ‘फुले’ एवढेच म्हणाला तर किमयासुद्धा असू शकते. पिशवी किंवा टॅग जपून ठेवला असेल तर फोटो घ्या. दहातल्या एका शेतातून शेंगा-पाने घेऊन डीएनए ठसे तपासता आले तर उत्तम. आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रांच्या सीजीआयएआर गटाने इथिओपियात हेच केले, कारण शेतकऱ्याने सांगितलेले नाव आणि शेतातले वाण जुळत नाही हा तिथलाही अनुभव. प्रयोगशाळा परवडत नसेल तर निदान फुलाचा रंग, लव आणि पानाचा आकार यांचे छापील चित्रपत्रक विद्यार्थ्यांच्या हातात द्या. फुलोऱ्यातच जावे लागेल. पिवळे पडल्यावर काही कळत नाही.

कपाटक्रमांक

ग्रंथालयाच्या बाजूने. स्कोपसची यादी फेकून देऊ नका. ती परिणाम दाखवत नाही हे मान्य, पण पायाभूत संशोधन कुणाचे हे सिद्ध करायला तीच लागते. शिवाय एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीच्या) संशोधन गटात प्रकाशने, उद्धरणे, पेटंट, प्रकल्प आणि सल्ल्याचा निधी हेच मोजले जाते. शिवारातले वाण त्या रकान्यात कुठे बसत नाही. दोन वह्या ठेवा आणि त्या एकमेकींत मिसळू नका.

यादी अपुरी असणार, कारण नावे. परभणीच्या विद्यापीठाचा २०१३ साली नामविस्तार झाला. त्याआधीचे निबंध मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नावाने आहेत. संशोधन केंद्रांतले शास्त्रज्ञ पत्त्यात ‘कृषी संशोधन केंद्र, कसबे डिग्रज’ लिहितात आणि विद्यापीठाचे नाव गाळतात, तो निबंध मग विद्यापीठाच्या खात्यात येत नाही. पत्त्याची एक ठरावीक ओळ परिपत्रकाने लागू करा, शोधताना सगळी जुनी-नवी रूपे आणि लघुरूपे टाका, आणि स्कोपसकडे संस्थेचे तुकडे एकत्र करण्याची विनंती पाठवा. ओपनॲलेक्स ही शोधनिबंधांची दुसरी सूची फुकट आहे; तिथे पडताळून पाहिले की राहिलेले निबंध सापडतात. प्रत्येक शास्त्रज्ञाचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची जागतिक ओळख) आणि इन्फ्लिबनेटच्या ‘विद्वान’ या शास्त्रज्ञांच्या सूचीतली नोंद दोन्ही जोडून घ्या. ‘पाटील एस. बी.’ किती आहेत ते मोजून बघा म्हणजे कारण सांगावे लागणार नाही.

सॉफ्टवेअरबद्दल: अल्टमेट्रिक, प्लमएक्स ही साधने बातमीतला दुवा, डीओआय (निबंधाचा कायमचा क्रमांक) किंवा निबंध ओळखू येईल असा उल्लेख पकडतात. ओव्हरटन धोरणविषयक कागदपत्रे चाळते. मराठी वर्तमानपत्रातल्या ‘विद्यापीठाने विकसित केलेल्या वाणाला पसंती’ या बातमीत यातले काहीच नसते. कृषी दैनंदिनी, आत्मा या कृषी विस्तार यंत्रणेच्या घडीपत्रिका, जिल्हा परिषदेच्या योजनांचे कागद यांचेही तेच. तुमच्या परिणामाचा मोठा भाग या साधनांच्या नजरेपलीकडे आहे. पहिली दोन वर्षे पैसे घालवू नका. त्याऐवजी वाणाच्या प्रत्येक नावाचे, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत, गूगल अलर्ट लावा.

पुरावा साठवताना दुवा पुरत नाही, सरकारी संकेतस्थळे दर दोन-चार वर्षांनी नव्याने बांधली जातात आणि जुने दुवे मरतात. पीडीएफ उतरवा, पान वेबॅक मशीन या इंटरनेटवरच्या संग्रहात जतन करा, फाइलच्या नावात तारीख पुढे टाका. शासन निर्णय असेल तर शेवटच्या परिच्छेदातला संकेतांक वहीत उतरवा. तो तारखेने सुरू होतो आणि संकेतस्थळ बदलले तरी त्यावरून निर्णय शोधता येतो. निर्णयात तुमच्या शिफारशीचे नाव नसेल, नुसती तिच्यातली मात्रा उचललेली असेल, तर शिफारशीचा मूळ कागद आणि निर्णयातले वाक्य शेजारी शेजारी ठेवून तेव्हाच टिपण करा. मसुदा समितीत कोण होते हे पाच वर्षांनी कुणाला आठवत नाही.

तिसरी_अनुसूची

अवजारांचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात. पेटंट मिळाले हा परिणाम नाही, ते वापरात आले हा परिणाम. पेटंट वापरात आहे की नाही याचे निवेदन फॉर्म २७ वर द्यावेच लागते. २०२४ च्या सुधारित नियमांनंतर ते दरवर्षीऐवजी तीन आर्थिक वर्षांतून एकदा. तुमच्या विद्यापीठाने भरलेले जुने फॉर्म काढा. ‘वापरात नाही’ लिहिलेले बरेच निघतील, ती यादी तेवढीच उपयोगी आहे. अवजार गावातल्या कारागिराने नकाशा बघून बनवून विकले असेल तर त्याची नोंद कुठल्याही फॉर्मवर नसते. तिथे फॅब्रिकेटरची वही आणि तुम्ही दिलेल्या चाचणी अहवालांची संख्या हेच दोन धागे.

विस्तारकक्ष

भरपूर मिळाले. एक राहिले: एखादे वाण अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून आले, बराच निधी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेचा, चाचण्या चार राज्यांत. श्रेय किती टक्के आपले लिहायचे?

कापणी_प्रयोग

टक्के लिहू नका. कुठल्याही टक्क्याला आधार देता येत नाही आणि चारही विद्यापीठांनी ६० टक्के लिहिले की बेरीज २४० होते. कोणी काय केले ते लिहा: संकर कुठे केला, निवड कुठल्या केंद्रावर, किती पिढ्या, कुठल्या चाचणीत कुणाचे किती प्लॉट, पैदासकार बियाणे कोण बनवते. हे सगळे वाणाच्या अधिसूचनेसाठी केलेल्या प्रस्तावात असते. त्याची प्रत संचालनालयात नसेल तर पैदासकाराच्या कपाटात असेल. तो निवृत्त व्हायच्या आत घेऊन या.